वरच्या कोपऱ्यातली चमक

भाऊंनी एखादी भिंत समोर उभं राहून पाहिली, असं मला आठवत नाही. भिंतीला गाल टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि सुतार फळी पाहतो तसं तिच्यावरून आडवं पाहायचं. घराचा मालक मागे उभा असायचा. हा माणूस भिंतीचं काही ऐकतो की काय, असं त्याला वाटायचं. मग भाऊ गालाला लागलेला चुना न पुसता निकाल द्यायचे.

"भिंतीले पोट सुटलं आहे. इथी चमकवाला रंग नाई चालत."

ब्रह्मपुरीत त्यांना सगळे पेंटरभाऊ म्हणत. त्याआधी बसस्टँडच्या मागे त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या हातात मोबाइल आले आणि स्टुडिओत कुत्रंही फिरकेना, तेव्हा त्यांनी घरं रंगवायला घेतली. मी त्यांच्या हाताखाली पंधरा-सोळा वर्षं काम केलं. माझं काम पेपर मारायचं, म्हणजे घासकागदानं भिंत घासून सपाट करायची. पुढे रोलरही माझ्याच हातात आला. मी चौथी शिकले आहे, मराठी वाचता येतं, इंग्रजी येत नाही. हे सांगायचं कारण पुढे येईल.

रंगाचं काम करणारा माणूस, पण अंगात नेहमी पांढरा सदरा. सदऱ्याच्या खिशात पावडरचा चपटा डबा. हा डबा स्टुडिओतला. फोटोला बसलेल्या माणसाच्या नाकावर ते बोटानं पावडर लावायचे. "नाक चमकते तुह्यं. फोटोत नाकच येईन, तू नाई येनार." एकदा कोण्या गावचे सरपंच फोटो काढायला आले. त्यांना टक्कल होतं. भाऊंनी पूर्ण टकलाला पावडर फासली. सरपंच चिडून म्हणाले, "काऊन गा, मी का तमाशात चाललो?" भाऊ म्हणाले, "साहेब, इतका ग्लॉसी मानूस मले झेपत नाई." फोटो मात्र चांगला आला. सरपंचांनी पुढच्या निवडणुकीला तोच लावला.

भाऊंच्या हिशेबात जगात दोनच जाती होत्या. चमकणारी म्हणजे ग्लॉसी आणि न चमकणारी म्हणजे मॅट. पोटात काही राहत नाही अशी बाई दिसली की म्हणायचे, ग्लॉसी आहे. माझ्याबद्दल ते भाभीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगायचे की ही बाई पक्की मॅट आहे, हिच्यावर काही उमटत नाही. मी ते चांगलं धरून चालले. वाईट असलं तरी मला काय करायचं होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर, नवऱ्याबरोबर फोटो काढायला गेले तेव्हा. फोटो काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुठी टांगनार?"

मी म्हटलं, "घरी."

"घरी तं टांगनारच. कोनत्या भिंतीले? समोर दरवाजा आहे का खिडकी?"

नवरा म्हणाला, दरवाजासमोर. तेवढ्यावरून त्यांनी आम्हाला मॅट कागदावरचा फोटो दिला. माझ्या मोठ्या जावेकडे चमकवाला फोटो होता. तिचं लुगडं त्यात कसं हिरवंगार दिसायचं, आणि आमच्या फोटोवर कोणी राख उडवल्यासारखी. मी तिथेच भांडले. "सगळ्याईले चमकवाला देता अन् आमालेच हा काऊन?" भाऊ म्हणाले, "महिनाभर टांगून पाहा. नाई आवडला तं परत आना."

परत न्यावा लागला नाही. जावेचा फोटो तिच्या दरवाजासमोर होता. दिवसा त्यात दरवाजा दिसायचा, अंगण दिसायचं, अंगणातल्या कोंबड्या दिसायच्या, फक्त जाव दिसायची नाही. शिवाय तिनं तो काचेला अगदी चिकटवून बसवला होता. ओलीच्या दिवसांत तो काचेला असा बसला, की ओढून काढताना दिराचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला. आमचा राखेचा फोटो अजून घरात आहे.

पण ते चमकीच्या विरोधात होते असं नाही. भामरागडकडचा एक माणूस पाऊस लागून रस्ता बंद व्हायच्या आत फोटो न्यायला आला होता. त्याला कुठे टांगणार विचारलं तर म्हणाला, चुलीच्याच खोलीत, दुसरी खोली नाही, खिडकीही नाही. भाऊंनी त्याला चमकवाला दिला. खिडकी नाही तर चमकणार काय, आणि धुराची काजळी चमकीवरून फडक्यानं निघते, मॅटमध्ये आत शिरते. भिंतींचंही तसंच. स्वयंपाकघराला आणि शाळेच्या खालच्या अर्ध्या भिंतीला ते ऑइल पेंटच लावायचे, कारण ते पुसता येतं. बाकी सगळीकडे मॅट.

"चमक चुगलखोर आहे बाई," ते मला शिकवायचे. "उजेड मॅटवर येऊन बसते. चमकीवरून घसरते अन् सिधा डोळ्यात येते. भिंतीत जो काही ऐब असन, तो सगळा सांगते. मॅट पोटात ठेवते."

दुसरा नियम असा. चमकीवर दुसरा रंग बसत नाही. आधी तिला घासून आंधळी करायची, मग वरून रंग द्यायचा. न घासता दिला तर तो आज बसतो आणि पावसाळा गेला की पापुद्रा होऊन सुटतो. हा नियम त्यांनी मला शंभरदा सांगितला असेल.

त्यांच्या डोळ्यांचं मला कळलं ते एका स्वयंपाकघरावरून. एका नर्सबाईंचं घर होतं. भाऊ म्हणाले, किचनलाही मॅटच मार. मी म्हटलं, फोडणी उडते. ते म्हणाले, "मार म्हनलं न." दोन महिन्यांत नर्सबाई रस्त्यात भेटल्या आणि भिंतीवरच्या तेलाच्या डागांवरून मला नको ते बोलल्या. मग मी लक्ष ठेवायला लागले. भाऊ उन्हात डोळ्यांवर हात धरत. ट्यूबलाइटखाली मान खाली घालत. डबा नाकाला लावून वाचत. घोडीवर, म्हणजे रंगाऱ्याच्या चार पायांच्या शिडीवर, चढायचं त्यांनी सोडलं होतं, गुडघ्यांचं निमित्त सांगत. मोतीबिंदू पिकत होता. डोळ्यांत मोतीबिंदू असला की चमकणारी प्रत्येक गोष्ट भाल्यासारखी टोचते. गावाला वाटत होतं, म्हातारा मॅटच्या नादानं वेडा झाला. अर्धा नाद होता आणि अर्धा मोतीबिंदू.

भाभीला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्यांना माहीत होतं की आम्हाला माहीत आहे. बोलत कोणी नव्हतं. ऑपरेशनचं काढलं की ते म्हणायचे, "माह्या मोठ्या भावाचा डोळा ऑपरेशननं गेला. अर्धं दिसते, तेही घालवू का?" दुसरं, रंगाऱ्याला दिसत नाही हे कळल्यावर त्याला भिंत कोण देणार? त्यांना काम नाही तर मलाही नाही. म्हणून मी पाहायचे, आणि ते हातानं तपासायचे. त्यांचा तळहात फार हुशार होता. हात पोचेल तिथपर्यंत त्यांना डोळे लागत नव्हते. अशी दोन वर्षं गेली.

मग धानाच्या गिरणीच्या शेठनं नवीन मंगल कार्यालय बांधलं. त्यातलं पहिलं लग्न त्यांच्याच मुलीचं होतं. रंग आमच्याकडे आला. हे नीट उतरलं तर मागून गिरणी आणि शेठचं घरही आमच्याकडे येणार होतं, म्हणजे वर्षभराची भाकर. आणि भाऊंचे डोळे शेठला कळले तर यातलं काहीच येणार नव्हतं.

शेठला सुरुवातीपासून चमक हवी होती. भाऊंनी स्टेजमागच्या भिंतीला गाल लावला आणि नाही म्हणाले. गवंड्यानं गिलावा कसातरी केला होता, पुट्टी लावायला वेळ कमी होता. शेवटी ठरलं असं, की जेवणाच्या हॉलच्या खालच्या पट्ट्याला चमकवाला, बाकी सगळीकडे मॅट. रंग एकच, बदामी. डबे सारखे, झाकणं सारखी, खाली इंग्रजीतला एक शब्द तेवढा वेगळा. भाऊंनी डबे नाकाला लावून वाचले आणि दोन रांगा केल्या. उजवीकडचे मॅट, म्हणाले. मी उजवीकडचे उघडले.

ओला असताना सगळाच रंग चमकतो. मॅट आहे की नाही ते सुकल्यावर कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलचं दार उघडलं. स्टेजमागची भिंत मधोमध दुभागली होती; मॅटच्या रांगेत एक डबा चमकवाला गेला होता. डावी बाजू पिठासारखी. उजवी बाजू घासलेल्या पितळी ताटासारखी, आणि तिच्यात गवंड्याची थापी न् थापी मोजता येत होती. लग्न पाच दिवसांवर होतं.

"भाऊ, घोटाळा झाला," मी म्हटलं.

त्यांनी डावीकडून भिंतीवर तळहात ठेवला आणि चालत चालत उजवीकडे नेला. मध्यावर हात थांबला. "इथून?"

"हाव, तिथूनच."

ते पालथ्या डब्यावर बसले. "डबे म्या वाचले होते."

"मी उघडले."

"तुले वाचता येत नाई."

"तुम्हाले दिसत नाई," मी म्हटलं. दोन वर्षांत हे पहिल्यांदा तोंडातून निघालं. त्यांनी नुसती मान हलवली, जसं काही मी चहा झाला म्हणून सांगितलं.

शेठ यायच्या आत घासायला लागावं म्हणून मी पेपर काढला, तोवर शेठ आलेच. बरोबर नवरी मुलगी. स्टेज कसं सजवायचं ते पाहायला. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, पण मी काही एवढी रुंद नाही.

"वा!" शेठ म्हणाले. "हे पाहा कशी झळकून राह्यली! मी काय म्हनत होतो, पेंटरभाऊ? आता सगळीच अशी करून टाका."

मला हायसं वाटलं. एक हात मारायचा की सगळी भिंत सारखी, शेठ खूश, गिरणी आमची. मी भाऊंच्या कानाशी म्हटलं, "हो म्हना अन् मोकळे व्हा."

भाऊ उठले. "नाई शेठ. उजवी बाजू घासून काढतो."

"काऊन? मले पसंत आहे न."

"आता खिडकीचा उजेड आहे म्हनून पसंत आहे. लग्नाच्या दिवशी स्टेजवर लाइट लागतीन, फोटोवाल्याचा फ्लॅश येईन. ताईले तिथी उभं करा. मोबाइलवर फोटो काढा, फ्लॅश लावून."

मुलगी चमकत्या भिंतीपुढे उभी राहिली. शेठनी फोटो काढला. मग ती मॅटपुढे गेली, तिथला काढला. तिनं मोबाइल हातात घेतला आणि किंचाळलीच.

"बाबा! माह्या डोक्यामागं ट्यूबलाइट लागला आहे का? अन् भिंतीले हे देवीचे खड्डे काऊन दिसून राह्यले?"

"अन् दुसरा?" शेठनी विचारलं.

"दुसऱ्यात मी दिसते न बाप्पा."

शेठना हरल्यासारखं झालं असावं. त्यांनी मोबाइल भाऊंच्या पुढे धरला. "मले तं दोन्ही सारखेच वाटते. तुम्हीच सांगा, काय फरक आहे?"

भाऊंनी मोबाइल घेतला. जवळ नेला, लांब नेला, तिरपा केला. मोबाइलची काच म्हणजे चमकीची आई. त्यांनी तो माझ्याकडे दिला. "बाई, तू सांग."

"तिले काऊन विचारता?" शेठ म्हणाले. "तुम्हाले दिसत नाई का?"

मी मध्ये पडले. "त्यायचा चष्मा घरी राह्यला. अन् शेठ, चमकवाला डबा म्या उघडला. मले इंग्रजी येत नाई. चूक माही आहे."

"बाई खोटं बोलून राह्यली," भाऊ म्हणाले. आवाज रोजचाच होता. "मले चष्मा नाई. डबा म्या वाचून दिला. दोन साल झाले, मले धुकं दिसते. धुकं मॅट असते म्हनून आतापर्यंत जमलं."

मग नवरी मुलगीच म्हणाली, "मंग बाकीच्या भिंती कोनं पाह्यल्या?"

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं.

शेठ वाईट माणूस नव्हते. ओरडले नाहीत. "भिंत ठीक करा," एवढं म्हणाले. "गिरनीचं मंग पाहू." मंग पाहू म्हणजे काय ते मला कळत होतं. संध्याकाळपर्यंत भाजीवालीलाही कळलं होतं.

घरी जाताना मी भाऊंना खूप बोलले. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, भिंत शेठची, मुलगी शेठची, फोटो शेठचे. ते ऐकत चालले होते. शेवटी म्हणाले, "भिंतीवर रोज लगन होतीन, बाई. रोज एक पोरगी तिथी उभी राहीन." मला हे तेव्हा पटलं नाही. पोट भरायचं असलं की दुसऱ्याच्या पोरींचे फोटो सुचत नाहीत.

दोन दिवस मी ती अर्धी भिंत घासली. खाली भाऊ तळहातानं तपासत होते, वर घोडीवर मी एकटी. तिसऱ्या दिवशी मॅटचा हात दिला, चौथ्या दिवशी दुसरा. लग्न झालं. फोटो चांगले आले म्हणे. आम्हाला कोणी दाखवले नाहीत.

त्यानंतर काम आलं नाही. गिरणी दुसऱ्या रंगाऱ्यानं रंगवली, बाहेरून हिरवी. मी रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, गेले. इतक्या वर्षांनी चिखलात वाकले तर कंबर धरून आली. भाऊ घराच्या ओट्यावर बसून राहायचे. एक दिवस भाभीनं त्यांचा पांढरा सदरा समोर आणून ठेवला. "आता कोनापासून लपवता जी? साऱ्या गावाले मालूम आहे. चला दवाखान्यात." लपवायचं होतं तोपर्यंत ऑपरेशनची भीती कामाला येत होती. आता नुसती भीती उरली, आणि नुसत्या भीतीला भाभी ऐकत नव्हती.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. धान कापणीला आलं तेव्हा ते काळा चष्मा लावून माझ्या दारात उभे. "चाल, हॉल पाहून येऊ."

रस्त्यानं त्यांचं तोंड बंद नव्हतं. एसटी पाहून थांबले, दुकानाची काच पाहून थांबले. तळ्यातून निघालेली म्हैस पाहून मला कोपरानं ढोसलं. "पाह्य, पाह्य. अथपासून इतिपर्यंत ग्लॉसी!" लोक पाहत होते. मी चार पावलं मागे चालले.

हॉल रिकामा होता. चौकीदारानं दार उघडून दिलं. भाऊंनी चष्मा काढला, भिंतीला गाल लावला, नवा डोळा उघडा ठेवून जुना मिटला. बराच वेळ तसेच राहिले. मग मागे सरकले, आणि मान वर केली. मी त्यांच्याबरोबर वर पाहिलं नाही. मला पाहायची गरज नव्हती.

"बाई, त्या वरच्या कोपऱ्यात काय चमकून राह्यलं?"

बोराएवढा पापुद्रा सुटला होता. खालून जुनी चमक डोळा मारत होती.

"तिथी पेपर मारला होता?"

"नाई."

"काऊन?"

हात दुखत होते, असं सांगता आलं असतं. वेळ नव्हता, तेही खरंच होतं. मी म्हटलं, "तुम्हाले दिसत नव्हतं म्हनून."

भाऊ हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी खिशात हात घातला. मला वाटलं, पावडरचा डबा काढतात. घासकागदाची घडी निघाली. ती माझ्या हातात देऊन त्यांनी चौकीदाराला विचारलं, "घोडी कुठी ठेवता गा?"

भाऊ जाऊन आता तीन वर्षं होतात. दुसरा डोळाही त्यांनी करून घेतला होता, आणि कामंही परत आली होती, थोडी माझ्या नावानं, थोडी त्यांच्या. पण मला ते आठवतात ते त्या दिवशीचे. मी वर चढले, ते खाली घोडीचा पाय धरून उभे राहिले. मी घासून खाली पाहिलं.

"अजून," ते म्हणाले.

मी घासलं.

"अजून."